इंजेक्टर बदलण्याआधी टाकीत डोकवा

"इंजेक्टर गेलेत, शेठ." ट्रक धूर ओकायला लागला, चढाला दम सोडायला लागला की गॅरेजमधून मालकाला येणाऱ्या फोनवरचं हे ठरलेलं वाक्य. सहा सिलिंडरचं इंजिन म्हणजे सहा इंजेक्टर, आणि सहांचा मिळून होणारा आकडा ऐकून मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. पण गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही, भाडं मात्र बुडतं. "टाका नवीन," म्हणून तो मोकळा होतो. काही महिन्यांनी पुन्हा तोच धूर, तोच चढ आणि फोनवर तेच वाक्य.

मधल्या काळात टाकीचं झाकण उघडून आत कुणीच पाहिलेलं नसतं.

ट्रकच्या दुरुस्तीत इंजेक्टरइतके आरोप दुसऱ्या कुठल्याच भागावर होत नसतील. पुष्कळदा आरोप खोटा निघतो. दोष भलत्याच ठिकाणी असतो आणि चांगले इंजेक्टर भंगारात जातात. जिथे आरोप खरा ठरतो तिथेही इंजेक्टर बहुधा स्वतःहून मेलेला नसतो, त्याला कुणीतरी मारलेलं असतं. मारणारा सापडला नाही तर नव्याचंही तेच होणार, हे सांगायला मोठा इंजिनिअर लागत नाही. तरीही तपासाआधी बदलण्याची घाई सर्रास चालते.

इंजेक्टरचं काम सांगायला सोपं आहे. ठरलेल्या क्षणी, ठरलेलं डिझेल, बारीक फवाऱ्याने सिलिंडरमध्ये सोडायचं. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या हवेत पडलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. म्हणजे केव्हा पेटायचं आणि किती पेटायचं, या दोन्ही गोष्टी इंजेक्टरच्या हातात. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं, तेव्हा इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची. त्यासाठीचा कॉम्प्रेसर इतका बोजड होता, की ते इंजिन कारखान्यात आणि जहाजातच शोभायचं. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कंपनीने इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेलला ट्रकमध्ये बसायला जागा मिळाली.

या बॉशचं आणि नाशिकचं जुनं नातं आहे. १९५१ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजे मायको ही बॉशचीच भारतातली कंपनी, आणि तिच्या नाशिकच्या कारखान्याची ओळखच मुळी नोझल आणि इंजेक्टर. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, तरी नाशिककर पत्ता सांगताना अजून मायको सर्कलच सांगतात. जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी पंपही मायकोचाच असतो.

त्या जुन्या मिस्त्र्यांचं कसब बघण्यासारखं होतं. यांत्रिक पंपाच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप जायचा आणि नोझल साधारण २०० ते २५० बार दाबाला उघडायचा. कुठला सिलिंडर मारत नाही, हे शोधायला मिस्त्री चालू इंजिनावर एकेका पाइपचा युनियन नट थोडा सैल करी. डिझेल बाहेर सांडलं की तो सिलिंडर बंद पडे आणि इंजिनाचा आवाज बसे. नट सैल करूनही ज्या पाइपला आवाजात काही फरक पडत नसे, तो सिलिंडर आधीच मेलेला. मग त्याचा नोझल काढायचा, हाताच्या टेस्टरवर लावायचा आणि दांडा दाबायचा. चांगला नोझल कर्रकन आवाज करत सगळीकडे सारखा, बारीक फवारा मारतो. बिघडलेला एका बाजूला पिचकारी सोडतो, नाहीतर टोकाशी थेंब धरतो. पाच मिनिटांत निकाल हातात, तोही जवळजवळ फुकटात.

आजच्या ट्रकवर हीच युक्ती केली तर बोट गमावण्याची वेळ येईल.

कारण इंजेक्शनची तऱ्हाच बदलली. जपानच्या डेन्सो कंपनीने १९९५ मध्ये हिनोच्या ट्रकमध्ये कॉमन रेल पद्धत आणली, १९९७ मध्ये बॉशची कॉमन रेल अल्फा रोमिओच्या मोटारीत बसली. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि धुराचे नियम पाळता पाळता बहुतेक नव्या ट्रकमधून जुना पंप हद्दपार झाला. कॉमन रेलमध्ये एक मोठा पंप सगळं डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून भरून ठेवतो. दाब १६०० ते २००० बार आणि काही गाड्यांत त्याहूनही अधिक. ट्रकच्या टायरमध्ये ८ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज यावा.

या दाबाचं डिझेल बारीकशा फटीतून निसटलं तर त्याची धार डोळ्याला दिसतही नाही, पण हातमोजा आणि कातडी भेदून आत घुसते. वरून सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. म्हणून मेकॅनिक हळद लावून कामाला लागतो. आत मात्र डिझेल मांस कुजवत जातं. अशा जखमेवर काही तासांत शस्त्रक्रिया लागते आणि डॉक्टरला "डिझेल आत गेलंय, प्रेशरने" हे स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर पट्टी बांधून घरी पाठवलं जाण्याची भीती असते. त्यामुळे चालू इंजिनावर गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघायची. नट खोलायचा तो इंजिन बंद करून आणि कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबून, दाब उतरल्यावरच.

खुद्द इंजेक्टरही आता साधा नोझल राहिलेला नाही. त्याच्या डोक्यावर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक बसवलेलं असतं. इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीएमने इशारा दिला की चुंबक एक इवलीशी झडप उचलतं. सुईच्या डोक्यावरचा दाब त्याने कमी होतो, खालचा दाब सुईला वर ढकलतो आणि भोकांतून डिझेल उडतं. झडपेतून निसटलेलं थोडं डिझेल रिटर्न पाइपने टाकीकडे परत जातं. ही रिटर्नची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे सगळा तपास तिच्यावरच चालतो. सुई आणि तिच्या घराच्या मधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मुख्य फवाऱ्याच्या आधी इंजेक्टर एक चिमुकला फवारा सोडतो, एक ते तीन घन मिलिमीटरचा, त्यामुळे ज्वलन हळुवार सुरू होतं. नव्या डिझेल गाड्या पूर्वीसारख्या खडखडत नाहीत त्याचं एक कारण हेच. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला ७५० वेळा हे सगळं बिनचूक करावं लागतं. दहा तासांच्या प्रवासात साडेचार लाख वेळा.

एवढ्या नाजूक यंत्राची तब्येत बिघडली की लक्षणं दिसतातच, फक्त ती वाचता यावी लागतात. सुई नीट बसेनाशी झाली की इंजेक्टर गळक्या नळासारखा थेंब थेंब ठिबकत राहतो. जादा डिझेल पुरतं जळत नाही आणि काळा धूर येतो. थंड इंजिनात न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं; डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि वासाला डिझेल जाणवलं तर गाडी पुढे रेटू नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. एखादा इंजेक्टर उघडाच अडकला तर पिस्टनचा माथा वितळून भोक पडतं. असा पिस्टन गॅरेजच्या टेबलावर पाहिला की इंजेक्टरची किंमत स्वस्त वाटायला लागते.

बीएस-६ गाडीत आणखी एक गोम आहे. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. इंजेक्टर बिघडून काळा धूर झाला तरी तो आतच अडकतो आणि मागून येणाऱ्याला एक्झॉस्ट स्वच्छ दिसतो. मालक निर्धास्त राहतो, इकडे डीपीएफ वरचेवर भरतो, साफसफाईचा दिवा सारखा लागतो आणि मग दोष डीपीएफवर जातो. धूर बघून निदान करण्याची सवय या गाड्यांत उपयोगाची नाही.

मग सुरुवात कुठून करायची? स्वस्तातल्या गोष्टींपासून. न्हावाशेवाहून माल भरून कसारा चढणाऱ्या गाडीची ताकद गेली आणि धूर काळा झाला, तर टर्बोपासून निघणारा होज पाइप कुठे फाटला किंवा निसटला आहे का, हे आधी बघावं. हवा कमी पडली तरी धूर तसाच काळा येतो आणि होज बदलणं इंजेक्टरच्या मानाने किरकोळ काम. एअर फिल्टर चोंदलाय का? डिझेल फिल्टरच्या खालचा निचरा उघडला तर पाणी येतं का? टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात कुठे हवा घेते का? इंजेक्टरच्या वायरिंगचा कप्लर तेलाने भिजलाय का, वायर कुठे घासलीय का? यातलं काहीही निघालं तरी इंजेक्टर वाचतो.

त्यानंतर स्कॅनर. स्कॅनर लावून ईसीएममधून एकेक सिलिंडर आळीपाळीने बंद करता येतो. मिस्त्रीचा युनियन नट सैल करण्याचाच हा नवा अवतार, फक्त सुरक्षित. ज्याला बंद केल्यावर इंजिनाला काही फरक पडत नाही, तो सिलिंडर संशयित. मात्र सिलिंडर संशयित झाला म्हणून लगेच इंजेक्टर दोषी ठरत नाही. व्हॉल्व्ह जळला असेल, रिंगा गेल्या असतील, तरी सिलिंडर मारत नाही. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजेक्टरवर ठपका ठेवणारा मेकॅनिक अंदाजाने काम करतो आहे, असं खुशाल समजावं. स्कॅनरवर कोड दिसला म्हणून भाग बदलणाऱ्यांचीही एक जमात आहे. त्यांना एवढंच सांगावं, की "तिसऱ्या सिलिंडरचं सर्किट" असा कोड आला तर त्यात इंजेक्टरची कॉइल येते, तशीच दहा रुपयांची वायरही येते. मल्टिमीटर लावला की पाच मिनिटांत कळतं. चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्स बहुधा १ ओहमहूनही कमी असतो.

सगळ्यांत बोलकी परीक्षा मात्र रिटर्नची, आणि तिला लागतात सहा सारख्या पारदर्शक बाटल्या. सहाही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून त्या जागी लहान नळ्या लावायच्या, प्रत्येक नळी एकेका बाटलीत सोडायची आणि ठरलेली मिनिटं इंजिन चालवायचं. पाच बाटल्यांत डिझेल बोटभर चढतं, एक बाटली निम्मी भरते. त्या एका इंजेक्टरची झडप झिजली आहे. पंपाने जीव तोडून दाबलेलं डिझेल सिलिंडरमध्ये जायचं सोडून तो मागच्या दाराने परत पाठवतो आहे. असे दोन-तीन निघाले तर स्टार्टर मारताना रेलमध्ये पुरेसा दाब तयारच होत नाही, गाडी नुसतीच घरघरत राहते आणि लोक पंपाला किंवा बॅटरीला शिव्या देतात. या परीक्षेसाठी इंजेक्टर हेडमधून काढावाही लागत नाही. तरीही किती गॅरेजमध्ये ती होते, हा प्रश्नच आहे.

इंजेक्टर खरोखर गेला आहे हे ठरल्यावर काढण्याचं काम. ते ताकदीपेक्षा सफाईचं आहे. आधी इंजिनाचा वरचा भाग धुऊन, हवा मारून कोरडा करायचा, कारण पाइप खोलला की उघड्या तोंडातून गेलेला वाळूचा एक कणही नव्या इंजेक्टरच्या नरडीला लागतो. प्रत्येक उघड्या तोंडावर लगेच स्वच्छ टोपण. हेडमध्ये काजळीने घट्ट धरलेला इंजेक्टर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा नाही. गंज सोडवणारं तेल टाकून वाट बघायची आणि पुलर लावून सरळ वर ओढायचा. तिरका ओढला तर वाकतो, आणि घाईत ठोकला तर हेडचं काम निघतं.

बाहेर आलेल्या इंजेक्टरच्या टोकावर तांब्याचा वॉशर आहे का, हे टॉर्च मारून बघावं लागतं. पुष्कळदा तो आत तळाशीच चिकटून राहतो. त्याच्यावर दुसरा वॉशर ठेवून इंजेक्टर बसवला तर टोक वर राहतं, फवारा चुकतो आणि सिलिंडरचा गरम वायू बाजूने वर येऊन सगळं काजळतो. काही इंजिनांत इंजेक्टर हेडमधल्या स्लीव्हमध्ये बसतो. ती स्लीव्ह गळकी असेल तर ज्वलनाचा वायू पाण्यात जातो आणि रेडिएटर पाणी फेकतो. म्हणून बसवायची जागा ब्रशने खरवडून, पुसून, पुन्हा बघून घ्यायची. वॉशर नवा आणि कंपनीने सांगितलेल्याच जाडीचा. क्लॅम्प टॉर्क पान्यानेच आवळायचा, अंदाजाने नाही. बऱ्याच कंपन्या जास्त दाबाचा पाइपही नवाच लावायला सांगतात, कारण एकदा आवळलेलं त्याचं तोंड दुसऱ्या जागी तितकं घट्ट बसेल याची खात्री नसते.

इथेच अनेकांचं काम संपतं आणि गाडीची खरी तक्रार सुरू होते. कारण नव्या इंजेक्टरच्या अंगावर आकडे-अक्षरांचा एक कोड कोरलेला असतो. कुठलेही दोन इंजेक्टर केसाच्या अंशाने का होईना वेगळे असतात. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी करून त्याचा स्वभाव या कोडमध्ये लिहिलेला असतो. ज्या गाडीत तशी सोय आहे, तिथे तो स्कॅनरने ईसीएममध्ये त्या-त्या सिलिंडरसमोर भरायचा असतो. न भरल्यास ईसीएम जुन्याच इंजेक्टरच्या हिशेबाने डिझेल सोडत राहतो. मग नवा माल टाकूनही गाडी उभ्यानं थरथरते आणि मेकॅनिक म्हणतो, "चालेल थोडे दिवस, सेट होईल." तो सेट होत नाही.

आता मारणाऱ्याकडे वळू. पहिला संशयित पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडीत उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ थिजून थेंब धरते. मायक्रॉनच्या फटीत पाणी शिरलं की गंज आणि ओरखडे ठरलेलेच. मुक्कामाला टाकी भरून ठेवायची सवय यावर सगळ्यात स्वस्त इलाज. दुसरा संशयित धूळ, आणि इथे जुनी पिढी कळत-नकळत दोषी ठरते. नवा डिझेल फिल्टर लावताना तो आधी कॅनमधल्या डिझेलने काठोकाठ भरून मग फिरवायचा, म्हणजे हवा काढायचा त्रास वाचतो, ही पक्की मुरलेली रीत. कॉमन रेलमध्ये मधल्या भोकातून ओतलेलं ते न गाळलेलं डिझेल सरळ फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जातं, तिथून पंपात आणि इंजेक्टरमध्ये. फिल्टर बदलला आणि आठवड्यात इंजेक्टर गेला, असं झालं तर याचा विचार करावा. फिल्टर कोराच लावून हातपंपाने भरायचा असतो.

तिसरा संशयित भेसळ. डिझेल फक्त जळत नाही, पंप आणि इंजेक्टरला वंगणही तेच पुरवतं. रॉकेल मिसळलं की हे वंगण पातळ होतं आणि धातूवर धातू घासतो. भेसळीचा धंदा किती निर्ढावलेला होता, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिलं. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात चाललेला गैरप्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. आता रॉकेलची जागा पुष्कळ ठिकाणी महामार्गाच्या कडेला बॅरलमधून विकल्या जाणाऱ्या तथाकथित बायोडिझेलने घेतली आहे. लिटरमागे वाचलेले रुपये एका इंजेक्टरच्या बिलात फिटतात. गंधक काढलेलं बीएस-६ डिझेल मुळातच कमी वंगणाचं. डिझेलमधलं गंधक बीएस-३ मधल्या ३५० पीपीएमवरून बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १० पीपीएमवर आलं. रिफायनरी त्यात वंगणासाठी खास द्रव्य घालून ही उणीव भरून काढते. बॅरलवाल्याकडून ती अपेक्षा कोण करणार?

नवा घ्यावा की दुरुस्त करून वापरावा, यावर गॅरेजगणिक वेगळं मत ऐकू येतं. झडप आणि नोझल बदलून, बेंचवर कॅलिब्रेट केलेला इंजेक्टर चांगला चालतो, पण दुरुस्ती करणाऱ्याकडे कॉमन रेलचा टेस्ट बेंच आणि धूळ नसलेली खोली हवी. ज्या टेबलावर क्लच प्लेट उघडली त्याच टेबलावर इंजेक्टर उघडणाऱ्याकडे जाण्यापेक्षा नवा घेतलेला बरा. नवा घेताना कंपनीचा अधिकृत विक्रेता गाठावा. हुबेहूब डब्यातला नकली माल बाजारात आहे, आणि विश्वास बसू नये इतक्या स्वस्तात मिळणारा "ओरिजिनल" बहुधा त्यातलाच.

गाडीमालकांनी यापुढे "इंजेक्टर गेलेत" असा फोन आला, तर होकार देण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: रिटर्नच्या बाटल्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो, कॉम्प्रेशनचे आकडे आणि काढलेल्या इंजेक्टरचा टेस्ट बेंचवरचा छापील रिपोर्ट. काम झाल्यावर जुने इंजेक्टर ताब्यात घ्यावेत, नव्यांचे कोड ईसीएममध्ये भरल्याचा स्कॅनरवरचा पुरावा बघावा आणि टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. यातलं काहीच दाखवायला गॅरेज तयार नसेल, तर गाडी टोचन करून दुसरीकडे नेणं एकंदरीत स्वस्त पडतं.